घाटउतारावरील मोटारगाड्यांची ब्रेक-क्षीणता

मोटारगाडीचे ब्रेक दीर्घकाळ दाबून धरल्याने किंवा लागोपाठ वापरल्याने अतिशय तापतात आणि त्यांची गाडी थांबविण्याची क्षमता तात्पुरती वा कायमची कमी होते. या घटनेस ब्रेक-क्षीणता म्हणतात. सपाट मुलखात गाडी हाकणाऱ्यास तिचा अनुभव क्वचित येतो. सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेकडे गेलेल्या सातमाळा-अजिंठा या रांगा ओलांडणाऱ्या महाराष्ट्रातील रस्त्यांवर मात्र ती चालकांच्या व यांत्रिकांच्या नित्य परिचयाची आहे. ‘ब्रेक फेल झाला’ असे ज्या अपघाताविषयी सर्रास म्हटले जाते, त्यातील ब्रेक पुष्कळदा मोडलेला नसतो. तो तापून निकामी झालेला असतो व थंड झाल्यावर तपासणाऱ्यास निर्दोष वाटू शकतो. या विषयाचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.

पूर्वपीठिका : मोटारगाडी येण्यापूर्वीही घाटांमध्ये चढाइतकाच उतार अवघड समजला जाई. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा चाकाच्या गाड्यांना योग्य असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मॅल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला. बैलगाडीचा भार उतारावर जुवामार्फत बैलांच्याच मानेवर येतो. घोडागाड्यांत चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबून वेग आवरण्याची पद्धत होती. लाकूड तापले की करपते व त्याची पकड जाते. तेव्हा ब्रेक-क्षीणता हा दोष मोटारीबरोबर जन्मलेला नाही.

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे तालुक्याचे गाव या संदर्भात उल्लेखनीय आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मनमाड-भुसावळ भागावरील हे स्थानक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेरूळच्या लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशांचे उतरण्याचे ठिकाण होते. तेथून प्रवासी टांग्याने डोंगररांग ओलांडून वेरूळ व औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे जात. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाल्यावर या टांगामार्गाचे महत्त्व ओसरले; परंतु रस्ता राहिला व पुढे त्याच्यावरून मोटारी धावू लागल्या. नांदगाव हे एका बाजूस गिरणेच्या खोऱ्यात व दुसऱ्या बाजूस मराठवाड्याच्या पठाराच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे येथील गाडीस दक्षिणेकडे जाताना घाट चढावा व परतताना तो उतरावा लागतो. मुंबईकडे जायचे झाल्यास इगतपुरीपुढे थळ घाट, म्हणजे कसाऱ्याचा घाट लागतो. पूर्वेस चाळीसगाव-कन्नड मार्गावरील औट्रम घाट आहे.

रेल्वेने हा प्रश्न मोटारीच्या आधी अर्धशतक हाताळला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये व थळ घाटातील १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्हींत चढाचे तीव्र प्रमाण ३७ स १ असे आहे. उतारावर ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढाच्या रुळांवर घालता यावी, यासाठी दोन्ही घाटांत बगलमार्ग ठेवण्यात आले. ब्रेकवर पूर्ण विसंबून न राहता तो निकामी झाल्यास काय करायचे हे आधीच ठरवून ठेवण्याची ही दृष्टी रस्ते बांधणाऱ्यांकडे मात्र फार उशिरा आली.

उष्णतेचा हिशेब : ब्रेक गती नाहीशी करीत नाही, तो गतिज किंवा स्थितिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. माणसे व सामान धरून १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची मोटार ताशी ६० किमी. वेगावरून एकदा थांबविली, तर सु. १·७ लाख जूल उष्णता निर्माण होते. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंतचा उतार सु. ३०० मी. उंचीचा आहे. तीच मोटार हा उतार केवळ ब्रेकच्या आधारे एकाच वेगाने उतरली, तर सु. ३५ लाख जूल उष्णता ब्रेकमध्ये येते. म्हणजे पूर्ण वेगावरून गाडी एकामागून एक वीस-एकवीस वेळा थांबविल्यासारखे होते. चार ब्रेकच्या ओतीव लोखंडाच्या भागांचे एकूण वस्तुमान २४ किग्रॅ. धरले व हवेत काहीच उष्णता गेली नाही असे मानले, तर त्यांचे तापमान जवळजवळ ३००° से. ने वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्यामुळे बरीच उष्णता निघून जाते. परंतु गाडी जितकी सावकाश उतरेल तितका वारा कमी लागतो, हेही लक्षात घ्यावे लागते. दहा मिनिटांत उतार संपला, तर ब्रेक सरासरीने सु. सहा किलोवॉटच्या विजेच्या शेगडीइतके तापत असतात. सोळा टनांच्या मालमोटारीस हेच आकडे तेरा पटींनी वाढतात. तिच्या ब्रेकचे वस्तुमान मात्र त्या प्रमाणात वाढलेले असतेच असे नाही. घाटातील मोठे अपघात बहुधा अवजड वाहनांचे का असतात, याचे एक उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

ब्रेकरचनेचा विकास : आरंभीच्या मोटारींना ब्रेक फक्त मागील चाकांना किंवा प्रेषण-यंत्रणेला असत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या गाडीत पायाचा ब्रेक गिअरपेटीतील पट्ट्यावर चाले आणि उतारावर हलका गिअर घालून एंजिनाच्या रोधावर उतरणे हाच तिचा खरा आधार होता. पुढील चाकांनाही ब्रेक बसविण्याची प्रथा १९२० नंतरच्या दशकात रुळली. पिंपाच्या आकाराच्या फिरत्या भागात आतून पट्ट्या दाबणाऱ्या पिंप-ब्रेकचे, म्हणजे ड्रम ब्रेकचे श्रेय सामान्यतः लुई रनॉ यांना १९०२ साली दिले जाते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकती-ब्रेकचे एकस्व घेतले. चकतीची कल्पना अधिक चांगली असूनही पुढील पन्नास वर्षे पिंपाचेच राज्य राहिले, कारण तत्कालीन रस्त्यांवरील धुळीपासून पिंपातील भाग सुरक्षित राहत आणि पायाचा थोडा दाब त्यात पुष्कळ वाढे.

हा दाब कसा वाढतो ते समजल्यावाचून पिंप-ब्रेकची क्षीणता समजत नाही. पिंप ज्या दिशेने फिरते त्या दिशेला रोखलेली ब्रेकपट्टी (ब्रेक-शू) घर्षणाने पिंपाबरोबर ओढली जाऊन अधिकच आवळली जाते. या स्वयंवर्धनामुळे कमी श्रमात जोराचा ब्रेक लागतो. परंतु ही वाढ घर्षणगुणांकावर अवलंबून असते. तापल्यामुळे घर्षणगुणांक चतुर्थांशाने कमी झाला, तर ब्रेकचा जोर चतुर्थांशापेक्षा कितीतरी अधिक घटतो. चकती-ब्रेकमध्ये स्वयंवर्धन नसते. तेथे घर्षण जितके कमी होईल तितकाच जोर कमी होतो. म्हणून चकतीस जास्त दाब, व पर्यायाने निर्वात-साहाय्यक (सर्वो) लागतो. पण ती चालकास अचानक दगा देत नाही.

द्रवीय ब्रेकचा प्रसार माल्कम लॉकहीड यांच्या संशोधनामुळे झाला. चारही चाकांस द्रवीय ब्रेक असलेली ड्यूझेनबर्ग गाडी १९२१ मध्ये बाजारात आली व १९२४ पासून क्रायस्लरने ही पद्धत सर्वसाधारण खरेदीदारापर्यंत नेली. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत सळया व तारांचाच ब्रेक चालू ठेवला. द्रवामुळे चारही चाकांना सारखा दाब मिळू लागला, पण क्षीणतेचे एक नवे कारणही शिरले. सुरुवातीचा ब्रेकद्रव एरंडेल व अल्कोहॉल यांचे मिश्रण असे. तापलेल्या पिंपाजवळ त्यातील अल्कोहॉल सहज उकळे.

चकती-ब्रेकचे पुनरागमन शर्यतींमुळे झाले. डनलॉपचे चकती-ब्रेक बसविलेल्या जॅग्वार गाडीने १९५३ ची ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तेथे लांब सरळ मार्गानंतर प्रत्येक फेरीस जोराचा ब्रेक लावावा लागे आणि पिंप-ब्रेकच्या प्रतिस्पर्धी गाड्यांना ते झेपत नव्हते. १९५५ मध्ये सिट्रोएन कंपनीने नित्य वापराच्या गाडीत पुढील चाकांना चकत्या दिल्या.

भारतात हे लोण सावकाश आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघणारी फिएट ११०० व तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, तसेच उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर, या गाड्यांना दीर्घकाळ चारही चाकांना पिंप-ब्रेकच असत. महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी बोरघाट व कसारा याच गाड्यांतून उतरला. १९८० नंतरच्या दशकापासून पुढील चाकांस चकती-ब्रेक असलेल्या लहान गाड्या पसरल्या. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. अवजड वाहनांत संपीडित हवेच्या ब्रेकचे देशी उत्पादन १९६२ मध्ये स्थापन झालेल्या सुंदरम-क्लेटनमुळे शक्य झाले. वाहनांच्या चाचणीसाठी पुण्यात १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली.

क्षीणतेचे प्रकार : चालक सर्व प्रकारांना एकाच नावाने ओळखतो, परंतु दुरुस्ती करणाऱ्याने त्यांत भेद केला पाहिजे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिला प्रकार घर्षणाच्या घटीचा. ब्रेकपट्टीवरील अस्तरातील (लायनरमधील) रेझीन फार तापले की त्याचे विघटन होऊन वायू सुटतात व अस्तर आणि पिंप यांमध्ये त्यांचा पातळ थर बनतो. नव्याने बसविलेल्या अस्तरात हा दोष पहिल्याच उतारावर दिसतो. म्हणून ब्रेकचे काम करून लगेच घाटात जाऊ नये, हा जुन्या मेस्त्रींचा आग्रह अगदी शास्त्रशुद्ध आहे. दुसरा प्रकार प्रसरणाचा. तापलेले पिंप व्यासाने वाढून ब्रेकपट्टीपासून दूर जाते; पेडल खोल जाऊ लागते. हवेच्या ब्रेकमध्ये पेडलवरून हे कळत नाही. दट्ट्याची हालचाल मर्यादा गाठते आणि मग जोर एकाएकी संपतो. चकती तापल्यावर उलट जाड होऊन अस्तराकडे सरकते, त्यामुळे तिच्यात हा प्रकार संभवत नाही. तिसरा प्रकार ब्रेकद्रव उकळण्याचा. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखे मऊ होते किंवा थेट तळाला टेकते. हा प्रकार पुष्कळदा गाडी घाटाच्या पायथ्याशी चहासाठी थांबल्यानंतर प्रकट होतो. चालत्या गाडीचा वारा थांबलेला असतो, पिंपातील वा चकतीतील उष्णता चाकाजवळच्या दंडगोलात (सिलिंडरमध्ये) शिरते आणि प्रवासी पुन्हा बसून गाडी सुरू करतात तेव्हा ब्रेक नाहीसा झालेला असतो.

निदान : पायाला पेडल कसे लागते, हा निदानाचा सर्वांत विश्वसनीय धागा होय. पेडल उंच व कठीण आहे पण गाडी थांबत नाही, अशी तक्रार असल्यास अस्तराचे घर्षण गेलेले असते किंवा निर्वात-साहाय्यक काम करीत नसतो. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी एंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारावे, शेवटी दाबून धरावे आणि एंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर साहाय्यक ठीक असून दोष अस्तरात आहे. पेडल खोल जाते पण दोन-तीनदा मारल्यावर वर येते, असे असल्यास पिंप फुगलेले किंवा अस्तर झिजून अंतर वाढलेले असते. गाडी थंड झाल्यावरही हीच स्थिती राहिली, तर झीज नक्की समजावी. मऊ पेडल वाफेचे अथवा नळ्यांत शिरलेल्या हवेचे लक्षण आहे. गार झाल्यावर मऊपणा गेला तर वाफ, राहिला तर हवा. सतत एकसारखा दाब दिला असता पेडल हळूहळू बुडत असेल, तर मुख्य दंडगोलातील रबरी वाटी (मास्टर सिलिंडरचे वॉशर) गळत असते. या दोषाचा उष्णतेशी थेट संबंध नाही, मात्र घाटात तो प्रथम ध्यानात येतो.

उतार संपल्यावर एखादेच चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळले, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. गंजलेला दट्ट्या, तुटलेली स्प्रिंग, आतून फुगून बंद झालेली रबरी नळी किंवा हातब्रेकची अडकलेली तार ही त्याची नेहमीची कारणे. उलट एखादे चाक अगदी थंड असेल, तर त्याच्यावाचूनच बाकीची तीन चाके गाडी थांबवीत होती. ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाणे हे बहुधा अशा विषमतेचे किंवा अस्तरावर सांडलेल्या तेल-ग्रीसचे चिन्ह असते. चाकाला हात लावून ही परीक्षा करण्याची सवय धोक्याची आहे. तापलेल्या पिंपाने हात चांगलाच भाजतो. हात जवळ नेऊन आच अजमावली तरी पुरते.

दुरुस्ती : ब्रेक कमी लागतो असे जाणवताच हलका गिअर घालून सुरक्षित जागी थांबणे व अर्धा तास तरी गाडी निवू देणे, एवढेच घाटात करता येते. तापलेल्या पिंपावर पाणी ओतू नये; ओतीव लोखंड तडकते किंवा वाकडे होते. चाकाला दगडाची उटी लावावी. शक्यतो हातब्रेक ओढून ठेवू नये, कारण प्रसरण पावलेले पिंप आकुंचताना पट्टीवर आवळले जाते.

नंतर कार्यशाळेत पिंप उघडले असता अस्तर काचेसारखे चकचकीत दिसले, तर वरचा थर करपलेला असतो. जाडी पुरेशी असल्यास हा थर खरकागदाने घासून काढता येतो. पण अस्तरास भेगा असल्या, कडा भुगा होऊन पडत असल्या किंवा रिव्हेटांची डोकी जवळ आली असली, तर एकाच आसाच्या दोन्ही चाकांची अस्तरे बदलावी. एका चाकाचे जुने व दुसऱ्याचे नवे ठेवणे ही काटकसर नव्हे. पिंपावर निळसर डाग व केसासारख्या बारीक चिरा दिसतात, त्या अतितापाच्या खुणा होत. पिंप लेथवर घेऊन गुळगुळीत करण्याची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. मात्र प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणजे पुढच्या उतारावर तेच पिंप अधिक तापणार व अधिक फुगणार. उत्पादकाने ठरवून दिलेल्या व्यासापलीकडे गेलेले पिंप टाकूनच दिले पाहिजे. लेथवर वारंवार नेलेली पिंपे आणि स्वस्त अस्तरे यांचा संयोग सपाटीवर वर्षानुवर्षे खपून जातो, घाटात खपत नाही.

ब्रेकद्रव हा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, ठराविक प्रमाणात पाणी शोषल्यावर तो १४०° से. पर्यंत उतरलेला चालतो. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३०° व १५५° से. आहेत. म्हणजे टाकीतील पातळी बरोबर असूनही द्रव निकामी झालेला असू शकतो. सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी तो पूर्ण बदलावा व मुख्य दंडगोलापासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढावी. आडवी विभागणी असलेल्या गाड्यांत उत्पादकाने दिलेला क्रम पाळावा. अडचणीच्या वेळी टाकीत एंजिनाचे तेल ओतल्याची उदाहरणे घडतात. खनिज तेलाने रबरी वाट्या फुगतात आणि संपूर्ण संच बदलण्याची पाळी येते.

अस्तराचा प्रश्न : घर्षण-अस्तराचा उद्योग हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात सुरू केला. तेथील डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे तळवे ठोकीत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. त्यांची पहिली विणलेली अस्तरे उष्णतेने लवकर करपत. १९०८ च्या सुमारास त्यांनी ॲस्बेस्टसाचा वापर सुरू केला. न जळणारा, मजबूत व स्वस्त असा हा तंतू मोटारउद्योगास वरदानच वाटला आणि पुढे सु. ऐंशी वर्षे जगभरच्या अस्तरांत तो राहिला. फ्रूड यांच्या ‘फेरोडो’ या नावाचा भारतीय अवतार, हिंदुस्थान फेरोडो, मुंबईत घाटकोपर येथे होता.

घाटात गाडी सुखरूप उतरविणाऱ्या या तंतूने कारखान्यांतील कामगारांची व ब्रेकची कामे करणाऱ्यांची फुप्फुसे मात्र धोक्यात घातली. ॲस्बेस्टसाचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद व नुकसानभरपाई यांविषयी महत्त्वाचा निकाल दिला. पिंप उघडून आतली काळी भुकटी हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून टाकण्याची प्रथा रस्त्याकडेच्या कार्यशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जुन्या गाडीतील वा अज्ञात बनावटीच्या अस्तराची भुकटी नेहमी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ती उडू देऊ नये. आधुनिक अस्तरांत ॲस्बेस्टसाऐवजी ॲरामिडाचे व काचेचे तंतू, पोलाद, तांबे व खनिज चूर्णे वापरतात. त्यांच्या घर्षणाचे उष्णतेतील वर्तन बनावटीगणिक बदलते. त्यामुळे केवळ मापाने बसणारे अस्तर हे त्या गाडीचे अस्तर ठरत नाही.

उतरण्याची रीत व नवी साधने : ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा संकेत एंजिनाचा रोध वापरण्यासाठी आहे. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून, कधीकधी एंजिनही बंद करून गाडी सोडणे ही आपल्या मार्गांवरील सर्वांत महाग पडणारी बचत म्हणावी लागेल. कारण तेव्हा एंजिनाचा रोध जातो, निर्वात-साहाय्यक दुबळा पडतो व हवेच्या ब्रेकची टाकी भरणे थांबते. ब्रेक हलका पण सतत दाबून ठेवण्यापेक्षा वेग वाढल्यावर जोराने लावून मग पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या काळात तो निवतो. अवजड वाहनांतील निष्कास-ब्रेक (एक्झॉस्ट ब्रेक) व मंदक (रिटार्डर) ही उपकरणे चाकाच्या ब्रेकवरील भार कमी करतात. चाक अडकू न देणारी प्रणाली (एबीएस) मात्र क्षीणतेवर उपाय नाही. ती मुळात असलेल्या जोराचे नियमन करते, गेलेला जोर परत आणीत नाही. चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा रस्ता-नियमांचा अरुंद डोंगरी रस्त्यांसाठी आदेश आहे. तो पाळायचा तर उतरणाऱ्याचा ब्रेक शाबूत असावा लागतो.

उतारावरील ऊर्जा उष्णतेत न दवडता परत मिळविण्याची युक्तीही घाटांनी पूर्वीच पाहिली आहे. बोरघाट व थळ घाट यांतून जाणारे लोहमार्ग १९३० पर्यंत विद्युत् चलित झाले आणि त्यांवरील मालगाड्यांची ‘क्रॉकोडाइल’ नावाने ओळखली जाणारी एंजिने उतरताना चलित्रांची जनित्रे करून वीज तारेत परत पाठवीत. आजच्या विद्युत् मोटारी हेच करतात, फक्त वीज तारेऐवजी स्वतःच्या विद्युत् घटमालेत भरतात. तथापि पूर्ण भरलेली घटमाला आणखी वीज घेऊ शकत नाही. इगतपुरीस घटमाला काठोकाठ भरून लगेच कसारा उतरू लागलेल्या गाडीस पहिले काही किलोमीटर बव्हंशी चाकांच्या ब्रेकवरच उतरावे लागते.